लगीन कोणाचं आहे?

पाथर्डी फाट्याच्या बाजूला, आमच्या सोसायटीसमोर एक लांबलचक कंपाउंड वॉल आहे. कुणाची आहे ते महत्त्वाचं नाही, नाशिकमध्ये अशा भिंती ढिगानं आहेत. मागच्या वर्षी जानेवारीत सलग दोन रविवार आसपासच्या चाळीसेक लोकांनी मिळून ती रंगवली. त्यांतला मी एक. माझ्याकडे प्राइमर मारायचं आणि नंतर वारली माणसांच्या अंगाचे त्रिकोण भरायचं काम होतं. त्रिकोण भरणं इंजिनियरला जमतं.

काम संपल्यावर नेहमीप्रमाणे ग्रुप फोटो झाला, वडापाव झाले, व्हॉट्सअॅपवर अंगठे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर भिंतीपुढे एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, हातात डब्याची पिशवी. पुढच्या कोपऱ्यावर मजूर नाका आहे, तिथे कामावर नेणाऱ्या टेम्पोची वाट बघणाऱ्यांपैकी. बोलण्यावरून पेठ-हरसूलकडच्या वाटल्या. आम्ही वारली भागाच्या मधोमध एक मोठा चौकोन काढला होता, चारी बाजूंनी दाट नक्षी, आत एक आकृती. ड्रॉइंगच्या सरांनी पिंटरेस्टवर शोधलेला. बाई त्याकडे बराच वेळ बघत होत्या. आता काहीतरी कौतुक होणार म्हणून मी पिशवी घेऊन जरा रेंगाळलो.

त्यांनी विचारलं, "लगीन कोणाचं आहे?"

मला कळेना. म्हटलं, "कोणाचंच नाही मावशी, नुसतं काढलंय."

"नुसतं?" म्हणाल्या, आणि हसल्या. टोमणा नव्हता त्यात. एखाद्याने पाहुणे नसताना पंगतीची पानं मांडून ठेवलेली दिसावीत तसं हसू. मग टेम्पो आला आणि त्या गेल्या.

आमच्या भिंतीवर नंतर एक रील झालं, कुणीतरी लेखही लिहिला, पण समीक्षा म्हणाल तर या प्रश्नाच्या तोडीची एकही झाली नाही. त्या दिवशी स्टँडअप कॉल चालू असताना मी कॅमेरा बंद करून वाचत बसलो, तेव्हा समजलं की आम्ही काढलेला तो लग्नचौक होता. वारली समाजात लग्नघरात तो काढतात. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाशिणी काढतात. आत पालघट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते. चौक नसेल तर लग्न पुरं होत नाही. म्हणजे आम्ही रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर एका लग्नाची घोषणा करून ठेवली होती आणि नवरा-नवरीचा पत्ता नव्हता.

इथे मला शुद्धतेचं भांडण काढायचं नाही. चौकाच्या बाहेर पडलेली वारली चित्रकला जिव्या सोमा मशे यांनीच मोठी केली. परंपरेने बायकांचं असलेलं हे काम या पुरुषाने हातात घेतलं, सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराच्या नजरेला ते पडलं, भिंतीवरची कला कागदावर आली, जगभर गेली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत मासेमारीची जाळी आहेत, मुंग्या आहेत, पेरणी आहे, आणि ते प्रत्येक वेळी कशाचं तरी चित्र आहे. आमच्या भिंतीवरची वारली कशाचंच नव्हती. ती टेम्प्लेट होती. एखाद्या वेबसाइटवर डिझायनरने 'लोरेम इप्सम' टाकून ठेवावं आणि तशीच ती लाइव्ह जावी, तसं.

तेव्हापासून शहरात कुठलीही रंगवलेली भिंत दिसली की मी मनात तोच प्रश्न विचारतो. लगीन कोणाचं आहे? कोणासाठी, कोणत्या निमित्ताने?

बऱ्याचदा उत्तर मिळतं: कोणाचंच नाही, फक्त इथे थांबू नका.

आपल्याकडे भिंत रंगवण्यामागचा पहिला हेतू बहुतेक वेळा नकाराचा असतो. सरकारी इमारतीच्या जिन्यात, कोपऱ्याकोपऱ्यावर देवांच्या टाइल्स कशासाठी लावतात हे सांगायला नको. शंकर, साईबाबा, काबा, क्रॉस, सगळे एका ओळीत. सर्वधर्मसमभावाचं इतकं यशस्वी उदाहरण देशात दुसरं नसेल, आणि उद्देश एकच, कुणी पिचकारी मारू नये. रस्त्यावरच्या भिंतीचंही तेच. चित्र काढलं की लोक लघुशंकेला थांबत नाहीत, पोस्टर चिकटवत नाहीत, कचरा टाकत नाहीत, असा हिशेब असतो. चित्राला वॉचमनची नोकरी लावलेली असते. पगार नाही, रजा नाही. आता वॉचमनचं काम लोकांना हाकलण्याचं, त्यामुळे अशी भिंत बघून कुणी थांबलं नाही तर ती यशस्वीच म्हणायची.

दुसरं, ही चित्रं गाडीवरून बघण्यासाठी काढलेली असतात. मी हिशेब केला. आमची भिंत साधारण दोनशे फूट. चाळीसच्या स्पीडने गाडी चालली तर साडेपाच सेकंदांत भिंत संपते. साडेपाच सेकंदांत माणसाला मोठं अक्षर वाचता येतं, एखादा थोर पुरुष ओळखता येतो, झाड म्हणजे पर्यावरण हे समजतं. म्हणून सगळ्या भिंतींवर मोठी अक्षरं, थोर पुरुष आणि झाडं. साहजिक आहे. जिथे फूटपाथ नाही तिथे चित्रकाराने तरी बारकावे कुणासाठी भरायचे?

याचं सगळ्यात भव्य उदाहरण आपल्याच माणसाचं आहे, फक्त ते आपल्या गावात नाही. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळक्यांचं प्रचंड भित्तिचित्र आहे. २०१४ साली रणजित दहिया आणि सहकाऱ्यांनी ते काढलं, स्टार्ट इंडिया या संस्थेच्या उपक्रमात. दहिया मूळचे हरियाणाचे, सुरुवातीला घरांना चुना मारायचं काम करायचे, मग चित्रकला शिकले, अहमदाबादच्या एनआयडीतही शिकले. मुंबईत हिंदी सिनेमा बनतो, पण मुंबईच्या भिंतींवर तो दिसत नाही हे जाणवून त्यांनी २०१२मध्ये बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. चुन्याच्या ब्रशपासून आठ-दहा मजली इमारतीपर्यंतचा हा प्रवास मला फार आवडतो, आणि ते चित्र म्हणून उत्तम आहे यात वादच नाही.

फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत दाखवला आणि मग बिऱ्हाड-बाजलं घेऊन ते नाशिकला आले, पुढचे सिनेमे इथे काढले. १९४४ साली वारले तेही नाशिकमध्येच. क्लायंटच्या ऑफिसला जाताना मी कॅबमधून त्यांना पहिल्यांदा असं पाहिलं, इमारतीएवढं. ट्रॅफिक जाम होता म्हणूनच पाहता आलं. ड्रायव्हरला विचारलं, कोण माहीत आहे का? म्हणाला, कुणी तरी पुढारी असणार. मग मी त्याला सांगितलं की हिंदुस्थानातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट या माणसाने काढला आणि हा आमच्या गावचा. त्याने काच खाली करून नीट पाहिलं. नंतर सी-लिंकपर्यंत आम्ही त्याच्या गावच्या टुरिंग टॉकीजबद्दल बोलत होतो. छान गप्पा झाल्या. पण त्या घडवण्याचं श्रेय मी जामला देईन. रस्ता मोकळा असता तर आम्ही दोघंही फाळक्यांच्या बाजूने साठच्या स्पीडने निघून गेलो असतो, आणि तो त्यांना आजही पुढारी समजत असता.

या प्रकाराला एक नाव आहे हे मला नंतर सापडलं. विल्यम व्हाइट नावाचे एक अमेरिकन लेखक सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून माणसं कशी वागतात ते वर्षानुवर्षं बघत बसले. १९८० साली त्यांचं 'द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस' हे छोटं पुस्तक आलं. त्यांचा एक महान शोध असा की बसायला जागा असेल तिथे लोक बसतात. हसू येतं, पण नाशिकमधल्या नव्या कॉलन्या बघा, हा शोध अजून आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. दुसरा शोध असा की रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर लोक बाजूला होऊन बोलत नाहीत, ऐन गर्दीच्या मधोमध उभे राहतात. (मेन रोडवर किंवा दहीपुलावर कधी चालला असाल तर त्यासाठी कॅमेऱ्याची गरज नाही.) आणि तिसरा शोध म्हणजे ट्रायअँग्युलेशन. दोन अनोळखी माणसं सहसा एकमेकांशी बोलत नाहीत, पण मध्ये एखादी तिसरी गोष्ट आली, जादूगार, शिल्प, भित्तिचित्र, काहीही, की ती एकमेकांना ओळखत असल्यासारखी बोलू लागतात. तिसरी गोष्ट फार भारी असायची गरज नसते. व्हाइट यांच्या निरीक्षणातले काही रस्त्यावरचे कलाकार सुमारच होते, तरी माणसं बोलत होती.

म्हणजे भित्तिचित्राची एक कसोटी अशी लावता येईल की त्याने किती अनोळखी जोड्या बोलत्या केल्या. ती लावली की चांगल्या-वाईट चित्रांची यादी उलटीपालटी होते. चंद्रपूर आणि बल्लारशा ही दोन रेल्वे स्टेशनं घ्या. स्थानिक कलाकारांनी ती ताडोबाच्या जंगलाने, वाघांनी, तिथल्या आदिवासी चित्रांनी भरून टाकली, आणि २०१८मध्ये रेल्वेच्या सुशोभन स्पर्धेत त्यांचा पहिला नंबर आला. मी त्यांचे फक्त फोटो पाहिलेत, त्यामुळे चित्रांबद्दल जास्त बोलत नाही. पण जागा बरोबर निवडली आहे हे मान्य करावंच लागेल. स्टेशनवर माणसं अडकलेली असतात. गाडी लेट असते. वाघाची पट्टी चुकली आहे का यावर बोलायला दोन तास मिळतात. ससून डॉकला २०१७च्या कलाप्रकल्पात तिथल्या कोळी माणसांचे मोठाले फोटो भिंतींवर लावले गेले, तेही त्याच कारणाने पटतं. ज्याचं चित्र आहे तो रोज टोपली घेऊन त्याच चित्राखालून जातो.

आता आमच्या भिंतीकडे येतो. तिचे चार भाग होते. वारलीबद्दल सांगून झालं. दुसऱ्या भागात ओला कचरा-सुका कचरा. तिसऱ्यात एक झाड, ज्याच्या पानांच्या जागी मुलांच्या हातांचे ठसे होते. दिसायला गोड, पण ठसे देणारी मुलं आपला हात शोधायला एकदा आली आणि विषय संपला. चौथा भाग सगळ्यात वाईट काढलेला. तो काढायला कुणी तयार नव्हतं, म्हणून बारावीतल्या दोन मुलींनी काढला: पूर आलेली गंगा आणि त्यात उभा दुतोंड्या मारुती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नाशिकमध्ये गोदावरीला गंगा म्हणतात, "गंगेवर जाऊन येतो" म्हणजे हरिद्वारला नव्हे. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच मारुतीची मोठी मूर्ती आहे, दोन्ही बाजूंना तोंड असलेली. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती हजार क्यूसेक हे मोबाइलवर येतं, पण क्यूसेक कुणालाच कळत नाहीत. नाशिकचा पूर मारुतीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं, मारुती बुडाला. कमरेला लागलं म्हटलं की लोक गाड्या काढून पुलावर बघायला जातात, छातीला लागलं म्हटलं की घाटाजवळचे दुकानदार माल हलवायला लागतात. मला माहीत असलेलं हे सगळ्यात सुंदर युजर इंटरफेस आहे. मूर्तिकाराच्या मनात ते होतं की नव्हतं कुणास ठाऊक, पण शहराने त्या मूर्तीला आपलं माप करून टाकलं. पुराच्या दिवशी पुलावर उभं राहून बघा. व्हाइट साहेबांनी तिथे कॅमेरा लावला असता तर त्यांना एका दिवसात पुस्तक मिळालं असतं. एकमेकांना जन्मात न पाहिलेली माणसं खांद्याला खांदा लावून, "नाही हो, आत्ता गळ्याला नाही, बेंबीला आहे," असं भांडत असतात.

त्या मुलींनी मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी काढलं होतं. का, तर वरचा भाग काढायला सोपा नव्हता आणि खालचा तर अजिबातच जमत नव्हता. मारुतीचं एक तोंड नीट झालं, दुसरं जरा बदकासारखं दिसत होतं. पण भिंत पूर्ण झाल्यावर दोन-तीन दिवसांतच तिथे माणसं थांबायला लागली. पहिले एक पेन्शनर काका, म्हणाले पाणी कमी दाखवलंय. दुसऱ्याने विचारलं, कोणत्या सालचा पूर आहे? मुलींनी सालच ठरवलं नव्हतं. मग सुरू झालं. कुणी २०१९चं सांगतंय, कुणी २०१६चं, कुणी २००८चं. एक आजोबा तर १९६९च्या खाली उतरायलाच तयार नव्हते. त्यांच्या मते त्यानंतर आलेले सगळे पूर म्हणजे नळ चालू राहिला होता. ड्रॉइंगच्या सरांनी कंटाळून चित्राच्या कडेला एक उभी पट्टी ओढली आणि म्हणाले, ज्याला जे आठवतंय त्याने तिथे खूण करा. महिन्याभरात त्या पट्टीवर खडूच्या, पेन्सिलीच्या, विटकरीच्या रेघा आणि सालं झाली. काही सालांना दोन-दोन रेघा. एका रेघेपाशी साल नव्हतं, फक्त "आमचं दुकान" असं लिहिलेलं.

कलाकृती म्हणून तो भाग आमच्या भिंतीवरचा सगळ्यात कच्चा होता, आणि तोच एकटा जिवंत होता. चित्रात चूक होती म्हणून लोकांना आत शिरायला फट मिळाली. बाकीच्या तीन भागांत दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. ओला कचरा ओला होता, सुका सुका होता.

यात माझा एक स्वार्थ आहे, तो सांगून टाकतो. बाबांनी सातपूरच्या एका कंपनीत तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. आम्ही सिडकोत राहायचो, तिथल्या घराला ओटा होता. संध्याकाळी बाबा ओट्यावर बसले की तासाभरात दहा माणसं आपोआप भेटायची, कुणाला बोलवावं लागायचं नाही. मी पुण्यातून वर्क फ्रॉम होम घेऊन परत आलो तेव्हा हौसेने हा फ्लॅट घेतला. लिफ्ट, पार्किंग, सहावा मजला, छान व्ह्यू. बाबा रिटायर झाले होते. पहिल्या वर्षात त्यांना इथे भेटलेली माणसं मी मोजू शकतो: वॉचमन, इस्त्रीवाला, आणि लिफ्टमध्ये मोबाइलमधून मान वर न करणारे आम्ही. एकदा मी मीटिंगमध्ये असताना ते दाराशी येऊन उभे राहिले. काही हवंय का विचारलं, तर म्हणाले, "नाही रे, चालू दे." घराला ओटा नव्हता हे मला घर घेताना दिसलंच नाही. फ्लोअर प्लॅनमध्ये नसलेली गोष्ट दिसणार कशी?

भिंत रंगवताना बाबांनी दोन्ही रविवार शिडी धरली. नंतर ते रोज संध्याकाळी 'भिंतीवर' जायला लागले, जसं लोक गंगेवर जातात. मारुतीपाशी १९६९वाले आजोबा त्यांचे मित्र झाले. एक पोळीभाजी केंद्रवाल्या ताई, एक रिक्षावाला, जो सातपूरच्याच कुठल्या कंपनीतून बाहेर पडलेला निघाला. "काय भो, आज किती पाणी?" अशी त्यांची सलामी असायची. मैत्री म्हणावी इतकं मोठं यात काही नाही. यातल्या अर्ध्या लोकांची आडनावंही बाबांना ठाऊक नव्हती. पण जेवताना त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असायचं.

म्हणून सामुदायिक भित्तिचित्राबद्दल गुळगुळीत बोललं जातं तेव्हा मला त्रास होतो. समुदायाने एकत्र येऊन काढलं, एवढ्याने ते समुदायाचं होत नाही. आम्ही चाळीस जण एकत्र आलो होतो, फोटो आहेत. शिकागोमध्ये १९६७ साली 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' काढली गेली. कृष्णवर्णीय वस्तीत, तिथल्या कृष्णवर्णीय कलाकारांनी, वस्तीशी बोलून ठरवलेले नायक: मुहम्मद अली, माल्कम एक्स, गायक, लेखक. अमेरिकेतल्या वस्त्यांमधल्या भित्तिचित्रांची चळवळ तिच्यापासून सुरू झाली असं मानतात. पण तिथेही भांडणं झाली, एका चित्रकाराचा भाग त्याला न विचारता पांढरा करून त्यावर दुसरं काढलं गेलं. १९७१च्या आगीनंतर ती इमारतच पाडली. मला या गोष्टीत वस्तीने त्या भिंतीवरून भांडावं इतकी ती तिला आपली वाटली, हेच जास्त खरं वाटतं.

आणि इतकं लांब कशाला जायचं? आमच्या घरापासून दहा मिनिटांवर पांडवलेणी आहेत. आपण शाळेच्या सहलीत जातो, पायऱ्या मोजतो, माकडांना घाबरतो आणि परत येतो. बाबांना घेऊन मी मागच्या डिसेंबरात गेलो, ते १८ नंबरच्या लेण्यासाठी. ते चैत्यगृह आहे, चोवीस लेण्यांतलं सगळ्यात जुन्यांपैकी एक, दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या दाराच्या वर कोरीव कमान आहे आणि तिथे ब्राह्मीत एक ओळ. अर्थ असा की हे नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान. नाशिक हे नाव ज्या सर्वांत जुन्या लेखांत सापडतं त्यांतला हा एक. राजाचं नाव नाही. कोरणाऱ्याचंही नाही. एका गावाचं. त्याच डोंगरात, दहाव्या लेण्यात, नहपानाचा जावई उषवदात याने मोठा लेख कोरून ठेवलाय. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, दोन हजार महिना एक टक्का व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने, आणि त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या कपड्यांचा वगैरे खर्च. थोडक्यात, मेंटेनन्सचं बजेट भिंतीवरच लिहिलंय. रंगवलेल्या भिंतींचे आमच्या शहरातले उद्घाटनाचे फलक मी वाचतो तेव्हा त्यांवर 'संकल्पना', 'सौजन्य' आणि 'शुभेच्छुक' सापडतात. पुढच्या पावसाळ्यानंतर रंग कोण देणार हे उषवदातानंतर कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

धंभिक गाव नेमकं कुठे होतं, बाबांनी विचारलं. मी मोबाइल काढणार तेवढ्यात बाजूला उभं असलेलं एक जोडपं, मालेगावकडचं, म्हणालं, "आमच्याकडं एक ढवळी आहे, तेच असेल का?" ते नसणार हे मला बऱ्यापैकी खात्रीने वाटत होतं. तरी पुढची वीस मिनिटं आम्ही चौघं त्या दारापुढे उभे होतो, आणि खाली उतरेपर्यंत ते बाबांचा नंबर घेऊन मोकळे झाले.

सिंहस्थ जवळ आला की नाशिकला रंग चढतो, २०१५ला चढला होता, आता २०२७चा आहे. आमच्या भिंतीचाही नंबर लागला. एके दिवशी सकाळी माणसं आली आणि तिला पांढरा हात मारला. कुणी कंत्राट दिलं, कुणाला विचारलं, काही कळलं नाही, विचारायला गेलो तर समोरच्याला आमची भिंत आधी रंगवलेली होती हेच माहीत नव्हतं. वारली गेली, कचरा गेला, झाड गेलं. त्यांचं वाईट वाटलं असं म्हणालो तर खोटं होईल. मारुतीच्या बाजूच्या पट्टीचं वाटलं. तिचा नीट फोटोही कुणी काढून ठेवला नव्हता, कारण ती दिसायला घाण होती. माझ्याकडे एक आहे, त्यात अर्धी पट्टी एका काकांच्या डोक्यामागे गेली आहे.

नवीन चित्राचं काम सुरू झालं. रेखाटन सुबक आहे, मान्य करतो. घाट, दीपमाळा, साधू, मागे सूर्य. नदी शांत, निळी, कुणाच्याच कमरेला न लागणारी. मी या चित्रावर मनातल्या मनात एक जळजळीत परिच्छेद लिहून ठेवला होता आणि तो इथे टाकायचा होता. परवा संध्याकाळी कॉल संपवून खाली गेलो, तर भिंतीवर शिडी लावून एक विशीतला मुलगा सूर्याला रंग देत होता. मराठवाड्याकडचा कुठला तरी, कंत्राटदाराने आणलेला. बाबा शिडी धरून उभे होते. १९६९वाले आजोबा मागे खुर्ची टाकून बसलेले, ती खुर्ची त्यांनी कुठून आणली देव जाणे. मुलगा वरून विचारत होता, "काका, इथं म्हणे नदीत दोन तोंडांचा मारुती आहे. खरंय का?"

आजोबा म्हणाले, "तू खाली उतर आधी. सांगतो."